आमच्या कळफलकावरून बोटं काढा

बहुतेक सरकारी संकेतस्थळांवर ‘स्क्रीन रीडर ॲक्सेस’ नावाचं एक पान असतं. तुम्ही डोळस असाल तर ते कधी उघडलं नसेल. उघडा. फुकटात इतका चांगला विनोद हल्ली मिळत नाही. त्या पानावर एक तक्ता असतो: अंधांना संगणक वापरता यावा म्हणून पडदा वाचून दाखवणारी कोणकोणती सॉफ्टवेअर मिळतात, त्यातली फुकट कुठली, विकतची कुठली, कुठून घ्यायची. आता सांगा, ज्याच्या संगणकात असं सॉफ्टवेअर नाही तो अंध माणूस हा तक्ता वाचणार कसा? आणि ज्याच्याकडे आहे तो कशाला वाचेल? पोहरा कसा सोडावा याच्या सूचना विहिरीच्या तळाशी लिहून ठेवण्याचा हा प्रकार. शिवाय या यादीत ‘विंडो-आइज’ हे नाव अजून कित्येक ठिकाणी सुखानं नांदतं आहे. ते सॉफ्टवेअर २०१७ साली बंद झालं. मयताचं नाव मतदारयादीतून निघायला वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण मयताच्या घरी जाऊन सामान आणा असं तरी निवडणूक खातं सांगत नाही.

मी पूर्ण अंध आहे. जळगावात एका कार्यालयात लिपिक आहे. संगणक माझ्या कानात बोलतो, मी बोटांनी उत्तर देतो. माउस माझ्या टेबलावरही आहे. त्याचा उपयोग कागद उडू नयेत म्हणून होतो, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात पंखा पाचवर असताना तो चांगला होतो. बाकी सगळं कळफलकावर. ‘एच’ दाबलं की वेबपानावरचं पुढचं शीर्षक, ‘के’ दाबलं की पुढचा दुवा, ‘टी’ दाबलं की पुढचा तक्ता. तुमची नजर पानावरून भिरभिरते, तशी माझी बोटं भिरभिरतात. तुमच्यासाठी शॉर्टकट म्हणजे चटपटीतपणा: कॉपी-पेस्ट येतं म्हणून ऑफिसात भाव खायचा. माझ्यासाठी त्याखेरीज दुसरा रस्ताच नाही. तेव्हा माझ्या संगणकावर कुठली कळ काय करेल हे मी ठरवणार, एवढंच माझं म्हणणं आहे. यात न समजण्यासारखं काय आहे? पण नाही. या साध्या मागणीवर मला आजवर जितकी प्रवचनं ऐकावी लागली, तितकी आमच्या घरात अधिक महिन्यातही झाली नसतील.

पहिलं प्रवचन: “भाऊ, कंपनीनं दिलंय ना सगळं सेट करून, मग कशाला छेडछाड?” हे सांगणाऱ्या गृहस्थाच्या डेस्कटॉपवर मुलीच्या वाढदिवसाचा फोटो असतो, सगळे आयकॉन उजवीकडे सरकवलेले असतात आणि मोबाइलवर गजाननाची धून असते. ते त्याचं व्यक्तिमत्त्व. मी मात्र दोन कळांचं काम बदलू म्हटलं तर ती ‘छेडछाड’!

दुसरं प्रवचन अधिक प्रेमळ आणि म्हणून अधिक घातक. कार्यालयातला संगणक सांभाळणारा पोरगा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो. “काय करू राहिले भो? राहू द्या ना, मी करून देतो.” आणि माझ्या हाताखालचा कळफलक ओढून घेतो. करून देतोही, खोटं कशाला बोलू. पण काय केलं ते मला कळत नाही, पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच हाक मारावी लागते, आणि तो रजेवर असला की माझं काम बंद. मग साहेब हळहळतात, की बघा, अंध माणसाला किती अवघड जातं! अवघड कुणी केलं साहेब? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण मी डोळसांना बिनदिक्कत ऐकवतो. ती ऐकून त्यांचीच चुळबुळ होते. मला काही वाटत नाही, कारण दळणारा मी आहे.

मुळात टंकलेखन यंत्र कुणाकुणासाठी जन्माला आलं हे या मंडळींना माहीत असतं तर ते जरा लाजले असते. इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री नावाच्या माणसानं एक टंकलेखन यंत्र बनवलं, जगातल्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक. कुणासाठी? कॅरोलिना फँतोनी या आपल्या अंध मैत्रिणीसाठी. तिला कुणाच्या मदतीशिवाय पत्रं लिहिता यावीत म्हणून. त्या यंत्रावर टाइप केलेली १८०८ सालची पत्रं आजही जपलेली आहेत. म्हणजे यंत्रावर लिहिण्याचा हा उद्योग सुरू होताना पहिल्या मानकऱ्यांत एक अंध बाई होती. दोनशे वर्षांनी धुळ्यातल्या एका संगणक वर्गात मला सांगण्यात आलं, “आधी माउस शिका, कीबोर्डचं नंतर बघू.” वा! माउस तर १९६८ साली डग्लस एंगलबार्टनं पहिल्यांदा लोकांसमोर फिरवून दाखवला. वयानं धाकटा, आणि मान थोरल्याचा.

डॉसचा काळ होता तोवर आमचं बरं चाललं होतं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. वाचणारं यंत्र ती वाचायचं, विषय संपला. मग चित्रं आली, खिडक्या आल्या, आणि दोस्तहो, सगळ्या जगासाठी संगणक ‘सोपा’ झाला. त्या सोपेपणाच्या सणात आम्हाला आमंत्रण नव्हतं. टेड हेंटर या अमेरिकन माणसाची दृष्टी १९७८ साली मोटार अपघातात गेली. त्याआधी तो मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरायचा. त्यानं ‘जॉज’ हे सॉफ्टवेअर उभं केलं आणि १९९५ साली ते विंडोजवर आणलं. उत्तम चीज, पण किंमत अशी की आमच्याकडे संस्था देणगी मागून एक प्रत घेते आणि ती कपाटात ठेवते. अशी कपाटं मी पाहिली आहेत. हो, पाहिली, आम्हीही ‘पाहतो’ म्हणतो, दचकू नका. पुढे २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियन अंध तरुणानं ठरवलं, की डोळसांना पडदा पाहायला जादा पैसे पडत नाहीत, तर आम्ही ऐकायला का मोजावेत? त्यानं ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतलं, जेम्स टे हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. आज ते फुकट मिळतं, त्याचा सगळा कोड जगासमोर खुला आहे, आणि गोलाणी मार्केटमधून जुना लॅपटॉप घेणारा जळगावचा पोरगाही ते वापरू शकतो.

आणि बघा गंमत. ज्यांनी हे लिहिलं ते स्वतः अंध, म्हणून त्यांना प्रवचनाची गरज वाटली नाही. त्यांनी थेट सोय ठेवली. एनव्हीडीएच्या मेनूत, प्रेफरन्सेसमध्ये, ‘इनपुट जेश्चर्स’ नावाची एक खिडकी आहे. ती उघडली की या सॉफ्टवेअरला येणारं प्रत्येक काम एका झाडाच्या फांद्यांसारखं गटवार मांडलेलं सापडतं. वर शोधायची चौकट. हवं त्या कामाचं नाव टाइप करा, त्यावर जा, ‘ॲड’ दाबा, आणि तुम्हाला हवी ती कळांची जोडी प्रत्यक्ष दाबून दाखवा. ओके. झालं. नको असेल तर ‘रिमूव्ह’. सगळाच विचका झाला तर मूळपदावर न्यायचं बटणही तिथंच. कित्येक कामांना तर मुळात कुठली कळच दिलेली नाही; तुमची गरज तुम्हीच ओळखा, असा त्यातला साधा शहाणपणा. मी मराठी आवाजासाठी एक प्रोफाइल आणि इंग्रजीसाठी दुसरं केलंय, दोन्हींना कळा दिल्यात. मराठी परिपत्रक आलं की एक ठोका, इंग्रजी आलं की दुसरा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीकचा मराठी आवाज गोड आहे असं मी म्हणणार नाही. यंत्रानं सर्दी झाल्यावर बोलावं तसा आहे. पण मला त्याच्याशी लग्न करायचं नाही, टिपणी लिहायची आहे.

आता परिपत्रकाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. युनिकोड येऊन एवढी वर्षं झाली, तरी काही महाभाग अजून कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्येच टाइप करतात. पडद्यावर दिसतं ‘भारत’. पण आत दडलेली अक्षरं असतात इंग्रजी. माझ्या कानात देशाचं नाव येतं ‘एच-के-के-जे-आर’. राष्ट्रगीताला उभं राहावं की दुरुस्तीवाल्याला फोन करावा, कळत नाही. आणि हे नको म्हणून कुणी कागद स्कॅन करून चित्र पाठवतो; मग तर यंत्र बिचारं गप्पच. अशा ठिकाणी कुठलीही कळ कामाची नाही. एनव्हीडीए-आर (एनव्हीडीएची मुख्य कळ, म्हणजे सहसा इन्सर्ट, आणि ‘आर’ एकत्र) दाबून विंडोजकडून चित्रातली अक्षरं ओळखून घेण्याची सोय आहे, पण मराठी मजकुराची तिथं जी अवस्था होते ती पाहून इतिहाससंशोधक राजवाड्यांनी धुळ्याच्या आपल्या सगळ्या बाडांना कुलूप घातलं असतं.

स्वतः शॉर्टकट बनवायचे तर खड्डे कुठं आहेत तेही माहीत हवं, म्हणून दोन-तीन सांगतो. विंडोजमध्ये डेस्कटॉपवरच्या कुठल्याही प्रोग्रामच्या आयकॉनवर ऑल्ट-एंटर दाबा, प्रॉपर्टीज उघडतात, तिथं ‘शॉर्टकट की’ अशी चौकट असते. त्यात नुसतं ‘एम’ दाबलं तरी विंडोज स्वतःहून ‘कंट्रोल-ऑल्ट-एम’ लिहून टाकतं. छान. पण हा आयकॉन डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूतच हवा; इतर एखाद्या फोल्डरमध्ये टाकला की कळ मुकी. दुसरा खड्डा आपल्यासाठी खास: विंडोजच्या लेखी कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र म्हणजे उजवीकडची ‘ऑल्ट-ग्राफ’ कळ. भारतीय इंग्रजी कळफलकावर कंट्रोल-ऑल्ट-चार दाबलं की रुपयाचं चिन्ह उमटतं. २०१० साली मोठ्या थाटात स्वीकारलेलं ते चिन्ह. तुम्ही हीच जोडी कॅल्क्युलेटरला देऊन बसलात, तर पगारपत्रकात ₹ लिहायला जाल आणि कॅल्क्युलेटर समोर येऊन उभा राहील. हिशेबाच्या दृष्टीनं प्रामाणिक, पण साहेबांना आवडत नाही.

तिसरा खड्डा दुसरे खणून ठेवतात. मी शिकत होतो त्या वर्गातल्या सरांना एकदा ‘दिव्यांगांसाठी काहीतरी’ करायची उबळ आली. त्यांनी सगळ्या मशीनवर नोटपॅडला शॉर्टकट देऊन ठेवला. कुठला? कंट्रोल-ऑल्ट-एन. ‘एन’ फॉर नोटपॅड, केवढं तर्कशुद्ध! फक्त एनव्हीडीए सुरू करायची कळही तीच आहे. त्यामुळं अंध मुलानं संगणक बोलता करायला ती दाबली की पडद्यावर एक कोरी वही उघडायची आणि ती उघडलीय हे सांगायला कुणी नसायचं. आम्ही बसलोय कळ दाबत, मशीनवर वह्यांचा ढीग. सर कौतुकानं म्हणाले, “बघा, किती पटापट वह्या उघडू राहिलेत!”

संकेतस्थळं बनवणाऱ्यांची तऱ्हाही हीच. त्यांना कुठंतरी वाचायला मिळतं की कळफलकाची सोय द्यावी. मग ते एकेका अक्षराला काम वाटून टाकतात: ‘एस’ म्हणजे शोध, ‘डी’ म्हणजे डिलीट. अरे बाबांनो, एकेक अक्षर तर आमचं यंत्र आधीपासून वापरतंय! आणि जे बोलून टाइप करतात त्यांचं काय? त्यांनी ‘ससा’ म्हटलं तर शोध सुरू. वेबसाठीच्या जागतिक सुगम्यता नियमावलीनं हे २०१८ सालीच लिहून ठेवलंय: नुसत्या अक्षरावर चालणारा शॉर्टकट ठेवलात, तर तो बंद करायची किंवा बदलायची मुभा वापरणाऱ्याला द्या, नाहीतर निदान फोकस त्या वस्तूवर असेल तेव्हाच तो चालू द्या. हा नियम सगळ्यात खालच्या, म्हणजे अनिवार्य पातळीवर आहे, हौसेचा नाही. पण आमच्याकडे सुगम्यता म्हणजे पानाच्या डोक्यावर अक्षर लहान-मोठं करायची तीन बटणं. मला. अक्षर मोठं करून. धन्यवाद.

आमच्यातल्या पंडितांनाही सोडायचं कारण नाही. काही अंध संगणकवीर असे आहेत, की त्यांनी सगळा कळफलक उलटापालटा करून ठेवलाय. त्यांच्या मशीनवर दुसरा अंध बसला तर त्याला घरचा पत्ता विसरल्यासारखं होतं. त्याचाच त्यांना अभिमान. आणि काही प्रशिक्षक शॉर्टकटांची लांबच लांब यादी पाढ्यांसारखी घोकून घेतात. पोराला अडीचकीसारखं सगळं पाठ, पण एनव्हीडीए-एक दाबलं की ‘इनपुट हेल्प’ सुरू होतं आणि मग कुठलीही कळ दाबली तर ती स्वतःचं काम सांगते, एवढं एक त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ते शिकवलं तर यादी देणाऱ्या गुरुजींचं काय उरणार?

३ डिसेंबर आला की या सगळ्यावर मांडव घालतात. जागतिक दिव्यांग दिन. फ्लेक्स, पाहुणे, पाहुण्यांची वाट पाहणं, दीपप्रज्वलन (ते आम्हाला का दाखवतात?), मग प्रोजेक्टरवर सादरीकरण: “जसं तुम्ही स्क्रीनवर पाहू शकता...” समोर बसलेत चाळीस अंध. टाळ्या मात्र वेळेवर पडतात, कारण टाळ्या कधी वाजवायच्या हे ऐकू येतं. खान्देशात हा दिवस आणखी एका कारणानं लक्षात ठेवायला हवा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली ३ डिसेंबरलाच गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी ओव्या रचल्या त्या तोंडानं, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी त्या कागदावर उतरवल्या, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. डोळ्यांनी एक ओळ न वाचता भाषेवर एवढी हुकमत असू शकते, हे आमच्या जिल्ह्याला सांगायला बाहेरून वक्ता आणायची गरज नाही. पण त्याच जिल्ह्यात कानानं काम करणाऱ्या माणसाला विचारतात, “डोयानं दिसत नै, मंग तुले कॉम्प्युटर काय कराचा?”

आता दिल्लीकडे वळू, तिथं तर आणखी बहार. बँकेचं खातं घरबसल्या उघडायचं तर आपण जिवंत आहोत हे कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून सिद्ध करायचं, अशी डिजिटल केवायसीची, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याची, रीत होती. ज्याला डोळेच नाहीत तो मेला म्हणायचा का? ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला: डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, केवायसीची पद्धत सगळ्यांना जमेल अशी करा. म्हणजे मिचकावल्याशिवायही माणूस जिवंत असू शकतो, हे ठरवायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं.

आणि परीक्षा. ‘जॉज’वर अभ्यास केलेल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या लेखासेवेनं नाकारलं होतं, त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि त्या आयएएस झाल्या. आमच्या जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’मध्ये अंध मुलं-मुली राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. हात बसलेला, कळा ठरलेल्या, वेग आलेला. मग परीक्षेच्या दिवशी काय होतं? केंद्रानं मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, २९ ऑगस्ट २०१८ला. त्यात म्हटलं होतं, की उमेदवाराला संगणकावर परीक्षा देता येईल, आदल्या दिवशी मशीन तपासता येईल. पण स्वतःचा लॅपटॉप चालणार नव्हता. ठीक, कॉपीची भीती समजू शकतो. मात्र कळफलक आणि ‘खास बनवलेला माउस’ आणता येणार होता. हाताला अधूपण असलेल्यांना तो हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की उंदराची आठवण झाली आणि बोटांच्या सवयीची झाली नाही. लॅपटॉप नको, पण माझ्या कळांची रचना? ती तर माझ्याबरोबर आलीच पाहिजे. अनोळखी मशीन, त्यावर इन्सर्ट कळ ‘एफएन’खाली दडलेली, एनव्हीडीएची मुख्य कळ कॅप्सलॉकवर न्यायची तर केंद्रचालक म्हणतो “सेटिंगला हात लावू नका,” आणि घड्याळ सुरू. डोळस उमेदवाराला परीक्षेच्या सकाळी डाव्या हातानं लिहायला लावा, म्हणजे त्याच्या गुणवत्तेचं काय होतं ते कळेल.

तर आयोगातल्या, परिषदेतल्या, बँकभरती मंडळातल्या सन्माननीय साहेबांनो, एक साधं काम करा. एनव्हीडीएच्या ‘इनपुट जेश्चर्स’मध्ये बदललेल्या सगळ्या कळा एका मजकुराच्या फाइलमध्ये साठतात. तिचं नाव जेश्चर्स डॉट आयएनआय. ती कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडते. आत उत्तरं लपवली आहेत का ते शिपाईसुद्धा वाचून सांगू शकेल. आदल्या दिवशी मशीन तपासायला बोलावता, तेव्हाच ती उमेदवाराकडून घ्या, तपासा, परीक्षेच्या मशीनवर टाका. नियमात एका ओळीची भर लागेल. फाइल काही किलोबाइटची असते. निविदा काढायची गरज नाही.